वीज, सर्ज आणि घरातलं इलेक्ट्रिक: सगळे विचारतात ते प्रश्न

वळवाचा पाऊस सुरू झाला की दरवर्षी तेच फोन येतात, टीव्ही गेला, राऊटर गेला, एसीचा पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जळाला, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो की आता काय बसवू. मी घरगुती वायरिंगचं आणि पॅनलचं काम करतो, तेव्हा लोक खरंच जे विचारतात ते इथं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे. आर्थिंग, म्हणजे जादा करंट जमिनीत सोडणारी जोडणी, धड नसेल तर बाकी कितीही महागाचं बसवा, पैसे वाया जातात.

वीज आमच्या घरावर पडलीच नाही, लांब कुठेतरी कडाडली, तरी टीव्ही कसा गेला?

घरावर पडायची गरजच नसते. गावाबाहेर ११ हजार व्होल्टच्या लाईनवर पडली, किंवा लाईनच्या शेजारच्या झाडावर, शेतात पडली आणि तारेला शिवलीसुद्धा नाही, तरी तारेत क्षणभर हजारो व्होल्टचा झटका उठतो. तो तारेतून डीपीपर्यंत, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत येतो, तिथून एलटी म्हणजे कमी व्होल्टेजच्या लाईननं खांबाखांबावरून तुमच्या मीटरपर्यंत आणि मीटरमधून घरात. डीपीवर लायटनिंग अरेस्टर असतात, ते बराचसा भाग जमिनीत सोडतात, पण सगळा नाही, आणि अरेस्टर फुटलेला असेल किंवा डीपीचं आर्थिंग तुटलेलं असेल तर बघायलाच नको.

एका विजेत साधारण ३० हजार अँपिअर करंट असतो, मोठी वीज असली तर दोन लाखांपर्यंतही जातो, आणि हा सगळा खेळ सेकंदाच्या काही लाखाव्या भागात उरकतो. त्यातला अगदी किरकोळ तुकडा घरात आला तरी पुरतो.

आणि जळतं काय ते पण बघा. जुना सीलिंग फॅन, गिझरची कॉईल, इस्त्री या वस्तू सहसा वाचतात. जातात त्या टीव्हीचा पॉवर बोर्ड, सेटटॉप बॉक्सचा अॅडाप्टर, इन्व्हर्टर एसीचा आणि वॉशिंग मशीनचा पीसीबी, एलईडी बल्बचे ड्रायव्हर. पूर्वी घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ असायचा म्हणून नुकसान कमी दिसायचं, आता प्रत्येक वस्तूत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आहे.

मेनला चांगल्या कंपनीचा एमसीबी आहे, आरसीसीबी पण आहे. ते कशासाठी मग?

दोघांची कामं वेगळी आहेत. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी, म्हणजे वायर तापून आग लागू नये म्हणून. आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात, तो माणसाला शॉक बसून जीव जाऊ नये म्हणून, घरात ३० मिलीअँपिअरचा लावतात. एमसीबी पडायला काही मिलीसेकंद लागतात आणि विजेचा झटका मायक्रोसेकंदात येऊन जातो, त्यामुळे एमसीबी पडेपर्यंत बोर्ड जळून मोकळा झालेला असतो. तरी दोन्ही हवेतच, ते काढून दुसरं काही लावा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

एसपीडी एसपीडी म्हणतात ते काय असतं?

सर्ज प्रोटेक्शन डिव्हाईस, सर्ज म्हणजे हाच क्षणभराचा झटका. एमसीबीसारखंच दिसतं, डिस्ट्रिब्युशन बोर्डात त्याच पट्टीवर बसतं. आत एमओव्ही नावाचा घटक असतो, तो नेहमीच्या २३० व्होल्टला गप्प बसतो आणि व्होल्टेज एकदम वर गेलं की झटक्यात वाट उघडून जादा करंट आर्थिंगकडे सोडतो, झटका ओसरला की पुन्हा बंद. धरणाला सांडवा असतो ना तसं, पातळीच्या वरचं तेवढं बाहेर. पण सांडव्याचं पाणी जायला खाली नदी लागते आणि इथे ती नदी म्हणजे तुमचं आर्थिंग.

त्याला एक छोटी खिडकी असते, हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की आतला कार्ट्रिज संपला, तो ओढून काढून नवीन बसवायचा. एमओव्ही प्रत्येक झटक्याला थोडा थोडा झिजतो, त्यामुळे एसपीडी आयुष्यभर चालेल असं धरू नका. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा झाकण उघडून खिडकीचा रंग बघायचा, एवढं घरातलं कुणीही करू शकतं.

टाईप १, टाईप २, टाईप ३ यातलं कुठलं घ्यायचं?

टाईप १ हा थेट पडलेल्या विजेचा करंट सोसण्यासाठी. इमारतीवर लायटनिंग रॉड असेल, किंवा एकटं फार्महाऊस असून उघड्या तारांवरून सप्लाय येत असेल, तिथं मेनलाच हा लागतो, बाजारात टाईप १ आणि २ एकत्र असलेलेही मिळतात. टाईप २ हा लाईनमधून येणाऱ्या झटक्यासाठी, नेहमीच्या घराला आणि फ्लॅटला हाच. टाईप ३ म्हणजे टीव्ही किंवा कॉम्प्युटरच्या अगदी जवळचा, प्लगमधला. नुसता टाईप ३ लावून भागत नाही, मागे टाईप २ असेल तरच त्याचा पूर्ण उपयोग.

घेताना डबीवर तीन गोष्टी वाचा. यूसी म्हणजे तो कायम किती व्होल्ट सहन करेल, हे आपल्याकडे ३२० चं घ्या, २७५ चंही मिळतं पण गावाकडे रात्री व्होल्टेज २५०-२६० ला जातं तिथे २७५ वाला काठावर राहतो. दुसरं आयमॅक्स, म्हणजे जास्तीत जास्त किती करंट सोडू शकेल, घरासाठी ४० किलोअँपिअर भरपूर झाला. तिसरं यूपी, म्हणजे झटका आल्यावर पुढे किती व्होल्ट जाऊ देईल, ते दीड किलोव्होल्टच्या आसपास किंवा कमी हवं.

अजून एक, दुकानात हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांना खांबावरून फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोनच येतात आणि आर्थिंगचा खड्डा आपला आपण घेतलेला असतो. अशा ठिकाणी सिंगल फेजला 'एक अधिक एक' जोडणीचा एसपीडी घ्यायचा, ज्यात फेज आणि न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये गॅस ट्यूब असते. थ्री फेजला 'तीन अधिक एक'. दुकानदाराला नसेल कळत तर डबीवरचं चित्र बघा, त्यात सगळं काढलेलं असतं.

वायरमन म्हणतो कुठेही बसव, काय फरक पडतो. खरंय का?

अजिबात नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

मागे एका बंगल्यात गेलो होतो, एसपीडी चांगला, नवा, खिडकी हिरवीगार, आणि घरातला टीव्ही आणि वायफाय दोन्ही गेलेले. बोर्डाचं झाकण काढलं तर एसपीडीच्या खालून निघालेली हिरवी वायर बोर्डात गोल गुंडाळून, टाय मारून, अगदी देखणी बसवलेली, आणि मग लांबच्या कोपऱ्यातून अर्थबारला, म्हणजे सगळ्या आर्थिंगच्या वायरी जिथं जोडतात त्या पट्टीला, जोडलेली. सरळ केली तर दीड मीटर भरली असती. काम करणाऱ्यानं वायर कापली नाही कारण पुढे लागली तर असू दे. आता विजेच्या झटक्याचा करंट इतक्या वेगानं चढतो की साध्या सरळ वायरच्या एका मीटरवरसुद्धा साधारण हजार व्होल्ट उभे राहतात, गुंडाळलेली असेल तर त्याहून जास्त. म्हणजे एसपीडीनं आपलं काम केलं तरी त्या वायरवरचे दीड-दोन हजार व्होल्ट टीव्हीला मिळालेच. ती वायर कापून वीतभर केली, एवढंच काम होतं.

तेव्हा नियम असा, फेजकडून एसपीडीला येणारी आणि एसपीडीकडून अर्थबारला जाणारी, दोन्ही वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, वेटोळं नाही. जागा मेन स्विचनंतर लगेच आणि आरसीसीबीच्या आधी, नाहीतर प्रत्येक झटक्याला आरसीसीबी पडेल. एसपीडीच्या मागे कंपनीनं सांगितलेला फ्यूज किंवा एमसीबी हवाच. मीटरच्या आधी काही लावायला जाऊ नका, तिथं महावितरणचं सील असतं. आणि घर मोठं असेल, मेन बोर्डापासून वरच्या मजल्याचा बोर्ड दहा मीटरपेक्षा लांब असेल, तर तिथं दुसरा एसपीडी लावा.

आमच्याकडे आर्थिंग आहे. ते चांगलंय की नाही कसं कळणार?

आहे म्हणजे काय आहे ते आधी बघा. जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे तिसऱ्या भोकाला वायरच नसते. काही ठिकाणी आर्थिंग नळाच्या लोखंडी पाईपला जोडलेलं असतं, आणि तो पाईप मधल्या काळात बदलून पीव्हीसीचा झालेला असतो, म्हणजे वायर कुठेच जात नाही. काही ठिकाणी खड्डा आहे, वरची पट्टी गंजून तुटलीय, आणि झुडपात कुणाच्या लक्षात नाही.

बरेच वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून दाखवतात की बघा पेटला, आर्थिंग ओके. बल्ब पेटला म्हणजे वायर कुठेतरी जमिनीला लागलीय एवढंच कळतं, किती चांगली लागलीय ते नाही, कारण शंभरच्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही आणि विजेला हजारोंनी अँपिअर सोडायचे असतात. खरी तपासणी अर्थ टेस्टरनं होते, तो ओहममध्ये आकडा देतो. ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. माणूस तपासायला आला तर आकडा लिहून मागा, 'चांगलंय' हे उत्तर घेऊ नका.

आता जमिनीचा भाग. लातूर, परभणीकडच्या काळ्या मातीत ओल असेपर्यंत आर्थिंग फार छान मिळतं, पण एप्रिल-मेमध्ये हीच माती भेगाळते, पाईपपासून सुटते, आणि नेमका त्याच वेळी वळीव येतो. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा, खड्ड्याला वर नरसाळं आणि झाकण त्यासाठीच असतं. कोकणात जांभा, घाटमाथ्यावर मुरूम आणि कातळ, तिथं एका खड्ड्यात काम होत नाही, दोन किंवा तीन खड्डे घेऊन एकमेकांना पट्टीनं जोडावे लागतात आणि त्यांच्यात किमान पाईपच्या लांबीएवढं, जमलं तर दुप्पट अंतर ठेवावं लागतं. जवळ जवळ घेतलेल्या दोन खड्ड्यांचा उपयोग एकाएवढाच होतो.

कोळसा-मीठ की केमिकल? कोळसा-मीठ चालतं, स्वस्त आहे, पण मीठ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप खातं आणि पावसाबरोबर वाहून जातं, त्यामुळे काही वर्षांनी उकरून बघावं लागतं. ज्याला ते जमणार नाही त्यानं कॉपर कोटेड रॉड आणि रॉडभोवती बेंटोनाईटसारखी ओल धरणारी माती भरून घ्यावी. खड्डा भिंतीपासून दीड मीटर तरी लांब हवा.

आणि एक फार महत्त्वाचं, काही भागात न्यूट्रल गेला की लोक आर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरून लाईट चालवतात. हे करू नका. ते आर्थिंग खड्ड्यापाशी सुटलं की घरातल्या प्रत्येक फ्रिजच्या, मशीनच्या, गिझरच्या बॉडीत २३० व्होल्ट येतात, आणि हात लावणारा बहुतेक वेळा घरातलं लहान मूल किंवा बाई असते.

पाऊस नाही, वीज नाही, तरी एका रात्रीत अख्ख्या गल्लीतल्या वस्तू जळाल्या. हे कशानं?

न्यूट्रल तुटला. आपल्याकडे जळालेल्या वस्तूंमध्ये विजेइतकाच, काही वस्त्यांमध्ये विजेपेक्षा जास्त वाटा याचा आहे, आणि दोष मात्र विजेवर टाकला जातो.

डीपीवरून तीन फेज आणि एक कॉमन न्यूट्रल निघतो, काही घरं एका फेजवर, काही दुसऱ्यावर, काही तिसऱ्यावर. न्यूट्रल जागेवर असेपर्यंत प्रत्येकाला २३० मिळतात. वाऱ्यानं, गंजानं किंवा सैल जोडणीमुळे तो कुठे सुटला की घरं दोन फेजमध्ये अडकतात आणि दोन फेजमधलं व्होल्टेज ४०० च्या वर असतं. हे व्होल्टेज लोडप्रमाणे वाटलं जातं, आणि उलटं वाटलं जातं, ज्या फेजवर गिझर, मोटार, इस्त्री असा जड लोड चालू आहे तिथं लाईट डिम होते आणि ज्या फेजवर दोन एलईडी आणि एक टीव्ही आहे तिथं साडेतीनशे-चारशे व्होल्ट जातात. म्हणजे ज्या बिचाऱ्यानं सगळं बंद करून ठेवलं त्याचाच टीव्ही जातो.

इथं एसपीडी कामाचा नाही. तो मायक्रोसेकंदाच्या झटक्यासाठी बनवलाय, सलग पाच मिनिटं ३८० व्होल्ट आले तर तो स्वतःच तापून सर्किटमधून बाहेर पडतो. यासाठी वेगळं उपकरण लागतं, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. बोर्डातच बसतं, पुढे आकडा दिसत राहतो, साधारण २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की सप्लाय तोडतं, मर्यादा आपल्याला सेट करता येते, आणि व्होल्टेज सुधारलं की थोडा वेळ थांबून परत जोडतं. तुमच्या मेनच्या अँपिअरला पुरेल असंच घ्या, घराला बहुधा ४० किंवा ६३ चं. माझं स्पष्ट मत, गावात किंवा शहराच्या कडेच्या नव्या प्लॉटिंगमध्ये राहत असाल आणि एकाच गोष्टीला पैसे असतील, तर आर्थिंग नीट करून आधी हे बसवा, एसपीडी पुढच्या महिन्यात घ्या.

न्यूट्रल गेल्याची खूण ओळखून ठेवा. एका खोलीतला बल्ब एकदम पांढराफटक आणि शेजाऱ्याची लाईट मंद, पंखा नेहमीपेक्षा जोरात, कुठूनतरी जळका वास. विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना आरोळी द्या आणि १९१२ ला फोन करा.

स्पाईक गार्ड घेतलाय, स्टॅबिलायझर आहे, इन्व्हर्टर पण आहे. एवढं पुरे ना?

स्पाईक गार्ड नावानं विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये फक्त सॉकेट, बटण, लाल दिवा आणि एक फ्यूज असतो, ते साधं एक्स्टेंशन झालं. ज्यात खरंच एमओव्ही आहे त्यावर ज्यूल (किती ऊर्जा झेलेल) किंवा किलोअँपिअर लिहिलेलं असतं, ते नसेल तर गृहीत धरू नका. आणि ती पट्टी बिनआर्थिंगच्या सॉकेटला लावली तर तिचं निम्मं काम बंद.

स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेजसाठी, एसी-फ्रिजला जरूर ठेवा, पण आतला रिले विजेच्या झटक्यापुढे फार हळू आहे. इन्व्हर्टरचं म्हणाल तर लाईट असताना तो मेनचाच सप्लाय पुढे ढकलत असतो, त्यामुळे झटका सरळ आत जातो आणि अनेकदा इन्व्हर्टरचा बोर्डच आधी जळतो. ऑनलाईन यूपीएस वेगळी गोष्ट आहे पण घरात कुणी सहसा ठेवत नाही.

गच्चीवर लायटनिंग रॉड लावला की घरातल्या वस्तू वाचतात का?

नाही. रॉड इमारत वाचवतो, म्हणजे भिंत फुटणं, टाकी फुटणं, आग लागणं, माणसं दगावणं हे टाळतो. वीज त्यानं स्वतःवर घेतली की खाली जाताना शेजारच्या वायरिंगमध्ये झटका उठतोच, म्हणून रॉड लावणाऱ्यानं मेनला टाईप १ एसपीडी लावायलाच हवा. रॉड लावून एसपीडी न लावणं हे अर्धवट काम आहे.

डोंगरावरचं, माळावरचं एकटं घर, आजूबाजूपेक्षा उंच इमारत, इथं रॉड हवा. दाटीच्या वस्तीतल्या एकमजली घराला बहुधा लागत नाही. लावायचा तर भारतीय मानक आयएस/आयईसी ६२३०५ प्रमाणे, त्यात खाली उतरणाऱ्या पट्ट्या किमान दोन असतात, कमीत कमी वळणं घेऊन, आणि त्यांचं आर्थिंग घराच्या आर्थिंगशी जोडलेलं. वेगवेगळी ठेवली तर वीज पडल्यावर दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या उपकरणांमधून वाट काढतो.

'एकच रॉड, शंभर मीटर परिसर सुरक्षित' अशी जाहिरात करून ग्रामपंचायतींना आणि शाळांना महागडे गोळ्यावाले रॉड विकले जातात. हे मानक सांगतं की संरक्षणाचा भाग रॉडच्या प्रत्यक्ष उंची आणि मापावरूनच धरायचा, आत काय यंत्र आहे यावरून वाढवायचा नाही. शाळेच्या बाबतीत तरी कुणी असा रॉड गळ्यात मारत असेल तर गावानं हा प्रश्न सभेत विचारावाच, तिथं मुलं बसतात.

शेजारी मोबाईलचा टॉवर आहे, म्हणजे आम्ही सुरक्षित ना?

टॉवरच्या अगदी पायथ्याचा थोडा भाग सोडला तर नाही. उलट टॉवरवर वीज पडली की तिथली जमीन आणि आसपासच्या तारा यातून झटका पसरतो, तुम्हाला एसपीडी इतरांपेक्षा जास्त लागतो.

वीज कडाडायला लागली की बटण बंद केलं तर चालेल का, का प्लगच काढायचा?

प्लग काढायचा. बटणाच्या आत दोन-चार मिलिमीटरचं अंतर असतं, हजारो व्होल्टचा झटका ते उडी मारून पार करतो. शिवाय बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि झटका न्यूट्रलवरूनही येतो.

पण कधी काढायचा ते महत्त्वाचं. वीज दिसली की मोजायला लागा, आवाज यायला तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. ३० सेकंद मोजून झाले तर ती दहा किलोमीटरवर आहे, तेव्हाच उठून प्लग काढून घ्या. डोक्यावर आली असेल तर मग सॉकेटला, वायरला हात लावू नका, टीव्ही गेला तर जाऊ दे. तेव्हा अंघोळ, नळाखाली भांडी, चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर बोलणं हेही टाळा. नुसता मोबाईल घरात वापरायला हरकत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मग परत लावा.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं दामिनी अॅप फोनमध्ये ठेवा, आपल्या आसपास वीज पडत असेल तर ते आधी सांगतं. शेतात जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये तर असलंच पाहिजे.

टीव्हीचा प्लग काढला होता तरी गेला!

डिशची केबल काढली होती का? छत्री गच्चीवर, केबल सरळ टीव्हीपर्यंत, तो विजेला दुसरा दरवाजा आहे. छत्रीचा लोखंडी स्टँड आर्थिंगला जोडा आणि वादळात केबल मागून काढून ठेवा.

इंटरनेटचं तसंच. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण लहान गावात केबलवाले खांबावरून फायबर आणतात आणि पुढची शंभर फूट साधी लॅन वायर गच्च्यांवरून टाकतात, त्या तांब्यातून येते आणि राऊटरचं पोर्ट जाळते, पुढे त्याला जोडलेला कॉम्प्युटरही. फायबर थेट घरात मागा. फायबरला आधार म्हणून स्टीलची तार असेल तर ती घराबाहेरच कापून थांबवायला सांगा. सीसीटीव्हीच्या गेटवरच्या कॅमेऱ्यालाही हाच धोका, लांबच्या कॅमेऱ्याला लॅनचा छोटा सर्ज प्रोटेक्टर मिळतो.

गच्चीवर सोलर बसवलंय, वेगळं काही लागतं का?

पीएम सूर्यघर योजनेमुळे आता गावोगाव पॅनल दिसतात आणि त्यांच्याबरोबर हा प्रश्न पण आलाय. डीसी बाजूला, म्हणजे पॅनलपासून सोलर इन्व्हर्टरपर्यंत, डीसीचाच एसपीडी लागतो, एसी करंटचा चालत नाही. एसी बाजूला, म्हणजे इन्व्हर्टरपासून घराकडे, वेगळा. पॅनलपासून इन्व्हर्टर दहा मीटरपेक्षा लांब असेल तर डीसी एसपीडी दोन्ही टोकांना. प्लस आणि मायनसच्या केबल शेजारी शेजारी बांधून आणायच्या, एक इकडून एक तिकडून आणली तर मध्ये मोठा वेढा पडतो आणि त्यात जास्त झटका उठतो. सगळं स्ट्रक्चर आणि प्रत्येक पॅनलची फ्रेम आर्थिंगला जोडलेली हवी. बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी बॉक्स उघडायला लावा आणि एसपीडी आत खरंच आहेत का, खिडकी हिरवी आहे का, हे डोळ्यानं बघा.

बोअरची मोटार दर पावसाळ्यात जळते.

सबमर्सिबल मोटार खाली पाण्यात असते, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ती जमिनीला उत्तम जोडलेली, त्यामुळे लाईनवर आलेला झटका मोटारीच्या वाइंडिंगमधून जमिनीत जायला बघतो. स्टार्टर पेटीतच एसपीडी लावा, आणि त्याचं आर्थिंग बोअरच्या लोखंडी केसिंगला आणि मोटारीच्या अर्थ वायरला एकत्र जोडा. मोबाईलवरून मोटार चालू करायचा ऑटो स्विच असेल तर तो मोटारीच्याही आधी जातो. आभाळ भरून आलं की मोटार बंद करून मेन पाडा, आणि वीज डोक्यावर आली असेल तर पेटीकडे जाऊच नका.

आम्ही भाड्यानं राहतो, एवढं कोण करणार?

सॉकेटला आर्थिंग आहे का ते तपासून घ्या, मालकाशी बोला, आणि चांगला ज्यूल रेटिंग लिहिलेला प्लगचा सर्ज प्रोटेक्टर घ्या, घर बदललं की बरोबर नेता येतो. सोसायटीत असाल तर मीटर रूममध्ये एक कॉमन एसपीडी आणि वर्षातून एकदा आर्थिंगचा आकडा हा विषय मीटिंगमध्ये मांडा, सगळ्यांत वाटला तर खर्च जाणवतही नाही.

जळालेल्या वस्तूंची भरपाई मिळते का?

आपोआप नाही. महावितरणच्या बाजूचा न्यूट्रल तुटला होता असं असेल तर त्याच दिवशी तक्रार नोंदवून नंबर घ्या, लाईनमन जोडायला आला की तुटलेल्या जागेचा फोटो काढा, शेजाऱ्यांसह उपविभागाच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

विम्याचं म्हणाल तर २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आहे, वीज पडून घराचं आणि सामानाचं झालेलं नुकसान त्यात धरतात. पण आगीच्या पॉलिसींमध्ये बऱ्याचदा असं कलम असतं की व्होल्टेजमुळे किंवा शॉर्टसर्किटमुळे फक्त ते उपकरणच जळालं तर पैसे नाहीत, मग ते आकाशातल्या विजेमुळे झालेलं असलं तरी. इलेक्ट्रिक उपकरणांचं जादा कव्हर घेतलंय का ते आत्ताच पॉलिसी काढून बघा. क्लेम करायचा असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत जळालेला बोर्ड भंगारात देऊ नका आणि सर्व्हिसवाल्याकडून कारण लिहून घ्या.

जोरात वीज पडली, लाईट गेली आणि आता परत आली. लगेच सगळं चालू करू?

थांबा. लाईट गेल्या गेल्याच मेन पाडून ठेवलेलं बरं, कारण परत येताना पहिल्या मिनिटात व्होल्टेज वर-खाली होतं, कधी येऊन लगेच जातं. आली की पाच मिनिटं जाऊ द्या. मग बोर्ड उघडून काळं झालंय का, वास येतोय का बघा आणि एसपीडीची खिडकी बघा. सगळे एमसीबी खाली ठेवून आधी मेन चालू करा, व्होल्टेज प्रोटेक्टरवर किंवा मल्टिमीटरवर २३० च्या आसपास दिसलं की एकेक एमसीबी वर करा. आरसीसीबी टिकत नसेल, पुन्हा पुन्हा पडत असेल, तर दाबून धरू नका, कुठेतरी इन्शुलेशन गेलंय, वायरमनला बोलवा. टिकला तर त्याचं टेस्टचं बटण एकदा दाबून बघा, पडला म्हणजे तो शाबूत आहे, नाही पडला तर बदलून घ्या. फ्रिज आणि एसी सगळ्यात शेवटी.